कार्यभार आणि सवड : कामाची मोजदाद ठेवणाऱ्या संगणकप्रणालींची भाषिक चिकित्सा

विद्यापीठांच्या विभागांत कोणाकडे किती काम आहे, आणि कोणास आणखी किती काम देता येईल, ह्याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर निवडण्याचा प्रसंग अलीकडे वारंवार येऊ लागला आहे. ह्या निवडीच्या वेळी सामान्यतः किंमत पाहिली जाते, एका वेळी किती जणांना ते वापरता येईल हे पाहिले जाते, मोबाइलवर चालते की नाही आणि वर्षअखेरचा अहवाल कसा निघतो ह्याची चौकशी होते. ही चौकशी अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्याही आधी विचारावयाचा एक प्रश्न आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाने विचारणे विशेष उचित होय. ही प्रणाली कामाविषयी कोणती विधाने करू शकते, आणि कोणती करू शकत नाही? प्रत्येक प्रणालीत रकाने असतात; रकान्यांना नावे असतात; कोणत्या रकान्यात आकडा लिहावयाचा आणि कोणत्यात नाव, हे ठरलेले असते. हे सर्व मिळून एक लहानसे व्याकरणच होते. त्या व्याकरणात जे बसत नाही ते नोंदले जात नाही, आणि जे नोंदले गेले नाही ते घडलेच नाही, असे वर्षअखेरीच्या बैठकीत धरले जाते. प्रस्तुत लेखात ह्या व्याकरणाची परीक्षा करावयाची आहे; तीत मुख्य लक्ष त्याच्या सर्वांत दुर्बळ जागेकडे, म्हणजे ‘शिल्लक क्षमता’ ह्या रकान्याकडे, द्यावयाचे आहे.

मोजदादीला सरसकट विरोध करण्याची भूमिका येथे घेतलेली नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. जेथे कोणतीच नोंद नसते तेथे काम समान वाटले जाते असा अनुभव नाही. तेथे ते ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्याकडे जाते. म्हणजे बहुधा विभागातील कनिष्ठ सहकाऱ्याकडे, नव्याने लागलेल्याकडे, किंवा ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हावयाची असते त्याच्याकडे. परीक्षेचे वेळापत्रक, प्रवेशाच्या अर्जांची छाननी, मूल्यांकन-समितीसाठी करावयाची कागदपत्रांची जुळवाजुळव ही कामे कोणी केली हे जोपर्यंत लिहिले जात नाही, तोपर्यंत ती आपोआप होतात असाच वरिष्ठांचा समज राहतो. म्हणून नोंद हवी. प्रश्न एवढाच आहे की ही नोंद कोणत्या भाषेत व्हावी.

शिक्षकाचे काम एका एककात मोजण्याची कल्पना संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत १९०६ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने माध्यमिक शिक्षणासाठी १२० तासांचे एक एकक प्रमाण मानले. त्यामागे अध्यापनशास्त्राचा विचार थोडा आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब अधिक होता. ज्या महाविद्यालयांनी प्रवेशासाठी हे एकक स्वीकारले त्यांच्याच प्राध्यापकांना प्रतिष्ठानाचे निवृत्तिवेतन मिळावयाचे होते. पुढे १९१० साली ह्याच प्रतिष्ठानाने मॉरिस कुक ह्या अभियंत्याचा एक अहवाल प्रसिद्ध केला. कुक हा कारखान्यांतील कार्यक्षमतेचा शास्त्रकार फ्रेडरिक टेलर ह्याच्या परिवारातला. त्याने अमेरिकेतील व कॅनडातील आठ शिक्षणसंस्थांच्या पदार्थविज्ञान विभागांची पाहणी केली आणि ‘विद्यार्थी-तास’ हे एकक सुचविले: एका विद्यार्थ्याला दिलेला व्याख्यानाचा, प्रयोगशाळेचा अथवा पाठाचा एक तास. कारखान्यात नगामागे खर्च काढतात तसा येथे विद्यार्थी-तासामागे खर्च काढावयाचा. ह्यावर मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेचे अध्यक्ष रिचर्ड मॅक्लॉरिन ह्यांनी १९११ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात लिहिताना एक काल्पनिक प्रसंग रंगविला. त्यात इमारतींचा अधीक्षक न्यूटनकडे जाऊन गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त फार रेंगाळल्याची तक्रार करतो, आणि सोमवारी सकाळपर्यंत एका पृष्ठाचा अहवाल व विद्यार्थी-तासामागे पडणारा खर्च ह्यांची मागणी करतो. मॅक्लॉरिन ह्यांचा विनोद मार्मिक होता. परंतु विनोद विसरला गेला आणि एकक राहिले. आज आपल्यासमोर येणाऱ्या प्रणालींचे पूर्वज शोधू गेल्यास ते ह्या एककात सापडतात.

आजच्या प्रणालींत ढोबळमानाने दोन परंपरा दिसतात. एकीत काम आधी वाटले जाते व माणसासमोर त्याचे तास मांडले जातात. दुसरीत काम करताना घड्याळ चालू-बंद करून झालेला वेळ टिपला जातो. पहिल्या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, दुसरीचे टॉगल ट्रॅक. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती १९८४ ची. म्हणजे ही परंपरा आता चाळिशी ओलांडून गेली आहे. तिच्या साधनसूचीत माणसे, साहित्य आणि खर्च ह्या तीन प्रकारच्या नोंदी एकाच तक्त्यात करता येतात. माणसाच्या ओळीत त्याची कमाल मात्रा १०० टक्के अशी लिहिलेली असते. काम म्हणजे कालावधी गुणिले मात्रा, हे तिचे मूलसूत्र. मूळ मांडणीत आठवडा ४० तासांचा धरलेला असतो. वाटलेले काम मर्यादेबाहेर गेले की ते नाव तांबडे होते. पूल बांधावयाचा असेल, गिरणीत यंत्रे बसवावयाची असतील, तर हे सूत्र फार उपयोगी आहे, आणि त्यासाठीच ते घडविलेले आहे. विभागाच्या कामाला ते लावताना मात्र ‘मात्रा’ हा शब्द कोणत्या वस्तूबद्दल वापरला जात आहे ह्याकडे लक्ष द्यावयास हवे.

येथे आपल्या भाषेकडे वळणे इष्ट होईल. माणूस आणि काम ह्यांचा संबंध मराठी किती रीतींनी व्यक्त करते ते पाहावे. ‘मला काम आहे’ ह्यात माणूस चतुर्थीत आहे. काम त्याची गरज किंवा अडचण आहे, आणि ह्या वाक्याचा व्यवहारातला अर्थ बहुधा ‘आता मला थांबता येणार नाही’ असा असतो. ‘माझ्याकडे काम आहे’ ह्यात काम सोपविलेले आहे. ते उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकेल. ‘माझ्यावर काम आहे’ म्हटले की त्यात उत्तरदायित्व आले. ‘माझ्या हाती काम आहे’ म्हणजे ते चालू आहे. ‘माझ्या वाट्याला काम आले’ ह्यात वाटप झाल्याची जाणीव आहे, ‘माझ्या अंगावर काम पडले’ ह्यात ते न झाल्याची, आणि ‘माझ्या गळ्यात काम मारले’ ह्यात वाटप करणाऱ्याविषयीचे मतही आहे. एवढे सर्व भेद एका प्रत्ययाने किंवा एका नामाने साधतात. प्रणालीत ह्या सर्वांसाठी एकच रकाना असतो: नेमून दिलेली व्यक्ती. तो रकाना ‘माझ्याकडे’ एवढेच ओळखतो. ‘माझ्यावर’ आणि ‘माझ्याकडे’ ह्यांतील अंतर त्यास कळत नाही; आणि विभागातील बहुतेक कलह ह्या अंतरातच असतात. परीक्षेचे काम एका सहकाऱ्याकडे असते, पण ते चुकले तर जबाबदारी दुसऱ्यावर असते. तिसऱ्याने ते प्रत्यक्षात करून दिलेले असते. नोंदीत फक्त पहिल्याचे नाव राहते.

‘करून देणे’ हा प्रयोगही विचारात घेण्यासारखा आहे. मराठीतील संयुक्त क्रियापदे काम कोणासाठी झाले, आणि ते कोणत्या अवस्थेत सोडले, हे सांगतात. करून देणे, करून घेणे, करून ठेवणे, करीत राहणे, करून टाकणे: ह्या पाचांतील क्रिया एकच, पण काम निराळे. सहकाऱ्याचा लेख वाचून देणे, नव्या शिक्षकाला अभ्यासक्रम समजावून देणे, विद्यार्थ्याचा अर्ज इंग्रजीत उतरवून देणे ही ‘देण्या’ची कामे होत. ती नेमून दिलेली नसतात म्हणून त्यांची ओळ उघडता येत नाही. विभाग चालतो तो ह्या कामांवर, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कालाच्या दृष्टीने पाहता दोष अधिक खोल दिसतो. झेनो व्हेंडलर ह्या तत्त्वज्ञाने १९५७ साली ‘फिलॉसॉफिकल रिव्ह्यू’मध्ये क्रियापदांचे काळाशी असलेल्या संबंधावरून चार वर्ग केले. ते आपल्या परिभाषेत अवस्था, प्रवृत्ती, सिद्धी आणि प्राप्ती असे म्हणता येतील. अवस्था असते, तिला टप्पे नसतात. प्रवृत्ती चालू राहते, पण तिचा शेवट तिच्यातच ठरलेला नसतो. सिद्धीला आरंभ, मध्य व ठरलेला शेवट असतो. प्राप्ती एका क्षणी होते. प्रश्नपत्रिका काढणे ही सिद्धी होय. ती निम्मी झाली असे म्हणता येते. वाचणे ही प्रवृत्ती. माणूस वाचीत असतो, पण वाचन चाळीस टक्के पूर्ण झाले असे कोणी म्हणत नाही, जोवर विशिष्ट पुस्तक अभिप्रेत नाही. शोधनिबंधातील तर्कदोष लक्षात येणे ही प्राप्ती. तिला किती वेळ लागला ह्या प्रश्नाला ‘एक क्षण’ आणि ‘तीन वर्षे’ ही दोन्ही उत्तरे खरी असू शकतात. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे मार्गदर्शक असणे ही अवस्था आहे. विद्यार्थी दोन महिने भेटला नाही तरी ती संपत नाही. त्याचे प्रकरण रात्री नऊ वाजता आले की तीच अवस्था तीन दिवसांचे काम होते.

कामाची मोजदाद ठेवणाऱ्या प्रणाली ह्या चारांपैकी फक्त सिद्धी ओळखतात. आरंभाचा दिनांक, समाप्तीचा दिनांक, अंदाजे तास, पूर्ण झालेला टक्का: हे चारही रकाने सिद्धीसाठी आहेत. उरलेल्या तीन वर्गांना नोंद मिळावयाची तर सिद्धीचे सोंग घ्यावे लागते. मार्गदर्शकत्वाला समाप्तीचा दिनांक द्यावा लागतो, वाचनाचे ‘वाचन-अहवाल सादर करणे’ होते, आणि हळूहळू जे काम सोंग घेऊ शकते तेच केले जाऊ लागते. असाना ह्या प्रणालीच्या कार्यभार-दृश्यात कामाचा भार कामांच्या संख्येवरून किंवा आपण ठरविलेल्या आकड्यावरून मोजण्याची सोय आहे. ह्यातला पहिला पर्याय निवडल्यास आलेले टपाल पाहणे हे एक काम आणि प्रबंध तपासणे हेही एकच काम. दुसरा पर्याय बरा. निदान तेथे आकडा आपला असतो.

आपल्याकडे ‘कार्यभार’ ह्या शब्दानेच ह्या घोटाळ्याची सोय करून ठेवली आहे. ‘त्यांनी विभागप्रमुखपदाचा कार्यभार स्वीकारला’ ह्या वाक्यातील कार्यभार ही अवस्था आहे. ‘त्यांचा कार्यभार सोळा तासांचा आहे’ ह्यातील कार्यभार ही मोजता येणारी राशी आहे. एक शब्द, दोन अर्थ. शासकीय पत्रव्यवहारात हे दोन्ही अर्थ गुण्यागोविंदाने नांदतात, कारण वाचणारा माणूस असतो. प्रणालीत दुसराच अर्थ शिल्लक राहतो.

आता आकड्यांकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार वर्षातील ३० आठवडे, म्हणजे १८० अध्यापनदिवस, आठवड्यास ४० तासांहून कमी असू नये. त्याने रोज किमान ५ तास संस्थेत उपलब्ध असावे. आणि प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाने १६ तास, सहयोगी प्राध्यापकाने व प्राध्यापकाने १४ तास करावे. १८० दिवस ३० आठवड्यांत म्हणजे आठवडा सहा दिवसांचा झाला, आणि सहा दिवस पाच तासांप्रमाणे उपस्थिती किमान ३० तासांची. उरलेले १० तास कोठे व्हावेत ह्याविषयी नियमावली मौन पाळते, आणि माझ्या मते हे मौन समंजसपणाचे आहे. शिक्षकाचे काही काम संस्थेच्या भिंतींबाहेर होते हे तिने न बोलता मान्य केले आहे.

प्रणाली मौन पाळू शकत नाही. तीत ४० हा आकडा क्षमता म्हणून घातला, वेळापत्रकावरून १६ तास काम म्हणून आपोआप आले, की पडद्यावर २४ तास शिल्लक दिसतात. तयारी, उत्तरपत्रिका, मार्गदर्शन, वाचन, समित्या हे सर्व कोणीतरी हाताने भरीपर्यंत हा आकडा तसाच राहतो. वजाबाकी अचूक आहे; विधान खोटे आहे. ‘नोंद नाही’ ह्याचे ‘काम नाही’ असे रूपांतर वजाबाकीच्या चिन्हाने केले. भाषेच्या अभ्यासकास ही चूक ओळखीची वाटेल: एखाद्या बोलीत अमुक रूप आढळले नाही ह्यावरून ते तीत नाहीच असे अनुमान करणाऱ्या सर्वेक्षणांना आपण कच्ची सर्वेक्षणे म्हणतो.

तासाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. मराठीत ‘तास’ म्हणजे साठ मिनिटे आणि ‘तास’ म्हणजे वर्गातील एक पाठही. ‘पहिला तास व्याकरणाचा’ असे आपण म्हणतो तेव्हा घड्याळाकडे पाहत नाही. पाठ बहुधा साठ मिनिटांहून लहान असतो. शासकीय मराठीने ‘तासिका’ हा शब्द घडवून ह्या दोहोंत भेद केला, हे तिच्या श्रेयास नोंदविले पाहिजे. पण त्याच शब्दापासून ‘तासिका तत्त्वावरील’ प्राध्यापक निर्माण झाले. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हे सहकारी घेतलेल्या तासिकेपुरते मानधन घेतात. त्यांच्या बाबतीत प्रणालीचे व्याकरण आधीच व्यवहारात उतरलेले आहे: तासिका हे काम, आणि तासिकेसाठी केलेली तयारी, तपासलेल्या वह्या, दोन तासिकांमधील ताटकळणे हे काम नव्हे. उद्या सर्वांनाच कोणते व्याकरण लागू होऊ शकते ते पाहावयाचे असल्यास विभागातील ह्या सहकाऱ्यांकडे पाहावे.

ह्या आकड्यांवर पदे अवलंबून असतात, म्हणून ते निरुपद्रवी नाहीत. २०१६ साली आयोगाने प्रत्यक्ष अध्यापनाचे तास वाढविणारी दुरुस्ती केली, तेव्हा शिक्षकांनी, विशेषतः दिल्ली विद्यापीठातील शिक्षकांनी, तीव्र विरोध केला. एकेकाचा भार वाढला की एकूण पदे कमी होतात आणि त्याचा पहिला आघात अस्थायी शिक्षकांवर होतो, हे त्यामागचे सरळ गणित होते. ती दुरुस्ती त्याच वर्षी मागे घेण्यात आली. महाराष्ट्रातील अनुदानित शाळांत हे गणित त्याहून परिचित आहे. संचमान्यतेत पटसंख्येवरून पदे ठरतात, आणि जो त्या पदांत बसत नाही तो शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. मग त्याचे अन्यत्र ‘समायोजन’ होते. ‘अतिरिक्त’ ह्या संस्कृत शब्दाचा अर्थ वस्तुतः अधिक, ओसंडणारा असा आहे. शिक्षकांच्या बोलण्यात तो आता धास्तीचा शब्द झाला आहे.

ज्या समाजात ‘शिल्लक क्षमता’ ह्या रकान्याचा बोलीतला अनुवाद ‘अतिरिक्त’ असा होतो, तेथे तो रकाना खरा भरला जाईल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होय. कोणताही विचारी माणूस त्यात शून्य लिहील. मग प्रणाली निवडणारी समिती म्हणते की लोक सहकार्य करीत नाहीत, आणि नोंदी आपोआप घेणारी, म्हणजे पडद्यावर नजर ठेवणारी, दुसरी प्रणाली पाहू लागते. रोग शब्दाचा आहे. औषध यंत्राला दिले जाते.

मराठीत ह्या संकल्पनेसाठी दुसरे शब्द नाहीत असे नाही. ‘शिल्लक’ हा जमाखर्चाचा शब्द आहे, वजाबाकीतून निघतो. ‘सवड’ तसा नाही. सवड असते, सवड मिळते, सवड होते, आणि विशेष म्हणजे सवड काढता येते. ‘कामाच्या गर्दीत सवड काढून आलो’ हे वाक्य अंकगणितात बसत नाही, तरी प्रत्येक मराठी भाषकास ते समजते. ‘फावणे’ ह्या क्रियापदाचा कर्ता तर माणूस होऊच शकत नाही; ‘मला फावले’ म्हणताना माणूस चतुर्थीत जातो. वेळ माणसाजवळ साठविलेला नसून त्याला लाभतो, अशी ह्या रचनेची धारणा आहे. ‘फुरसत’ आपल्याकडे फारसीतून आली, आणि तिच्या अरबी मुळाचा अर्थ संधी असा आहे. लॅटिनमध्ये व्यवसायाला जो शब्द आहे तो ‘अ-विश्रांती’ अशा घडणीचा, म्हणजे तेथे विश्रांती ही मूळ स्थिती आणि काम हा तिचा अभाव. आमच्या प्रणालींत हे नेमके उलटे झाले आहे. ह्या शब्दांपैकी ‘सवड’ मला ह्या कामासाठी सर्वांत योग्य वाटतो, कारण सवड आहे की नाही हे ज्याचे त्यालाच सांगता येते. ‘तुम्हाला सवड आहे का?’ हा प्रश्न आहे. ‘तुमची क्षमता शिल्लक आहे’ हे दुसऱ्याने केलेले विधान आहे.

आणि सवड ही केवळ माणुसकीची बाब नव्हे. तिला गणिताचाही आधार आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग ह्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या गर्दीवर लिहिलेल्या निबंधापासून रांगांच्या शास्त्राचा आरंभ झाला. त्या शास्त्राचा सर्वांत साधा नमुना घेऊ: काम करणारा एक, कामे अनियमितपणे येणारी, आणि प्रत्येकास लागणारा वेळ कमीअधिक. अशा स्थितीत माणूस ५० टक्के व्यग्र असेल तर येणाऱ्या कामास सरासरी एका कामाच्या वेळाइतके थांबावे लागते. व्यग्रता ८० टक्के झाली की हे थांबणे चौपट होते, ९० टक्क्यांवर नऊपट आणि ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. म्हणजे सरासरी एक दिवसाचे काम ८० टक्के व्यग्र माणसाकडे चार दिवस पडून राहील आणि ९५ टक्के व्यग्र माणसाकडे एकोणीस दिवस. विभागातील कामे अशीच अनियमित येतात. विद्यार्थ्याचे शिफारसपत्र, विद्यापीठाचे तातडीचे पत्र, आजारी सहकाऱ्याचा वर्ग ह्यांना वेळापत्रक नसते. जी प्रणाली प्रत्येकाची पट्टी काठोकाठ भरलेली पाहून हिरवा रंग दाखविते, ती विलंबाची तरतूद करून देत असते. काही प्रणालींत १०० टक्के हे उद्दिष्ट म्हणून मांडलेले असते. तो आकडा बदलून ८०च्या खाली आणण्याची मुभा जीत नाही ती प्रणाली, तिचे इतर गुण कितीही असोत, विभागास घेण्यासारखी नाही.

टक्केवारीचा आणखी एक धोका ब्रिटनच्या अनुभवावरून ध्यानात येतो. तेथील विद्यापीठांत खर्चाची पारदर्शक मोजणी करण्यासाठी शिक्षकांकडून आपला वेळ अध्यापन, संशोधन, साहाय्यभूत काम इत्यादी वर्गांत किती प्रमाणात गेला हे मागविले जाते. ही प्रमाणे मिळून १०० होतात. तीस तास काम करणाऱ्याचे शंभर आणि साठ तास काम करणाऱ्याचेही शंभरच. खर्चाची विभागणी करण्यासाठी हे पुरेसे असेल. भाराविषयी त्यातून काहीच कळत नाही. तास मागितले तर माणूस संशयित ठरतो आणि टक्के मागितले तर जादा काम अदृश्य होते. ह्या दोहोंत निवड करावयाची झाल्यास मी तास पत्करीन, मात्र ते ज्याचे त्याने, आठवड्याच्या शेवटी, ठोकळ अंदाजाने लिहावेत. घड्याळ चालू-बंद करण्याची पद्धत वकिलाच्या किंवा हिशेबतपासनिसाच्या कचेरीत शोभते, जेथे तासाचे देयक पाठवावयाचे असते. अभ्यासकाच्या मेजावर ती दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारीत राहते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणे हेच एक नवे काम होते, ज्यासाठी अर्थातच रकाना नसतो.

लिपीविषयी एक लहानसे टिपण येथे अस्थानी होणार नाही. आपल्या ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ह्या जोडाक्षरांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. प्रणालीने हे भेद एकत्र केले नाहीत तर ‘वऱ्हाडे’ हे एकच आडनाव दोन निराळ्या व्यक्तींचे म्हणून नोंदले जाऊ शकते, आणि त्या दोन्ही अर्ध्या भाराच्या, म्हणून अर्ध्या मोकळ्या, दिसतील. कोणतीही प्रणाली दाखवावयास आलेल्या प्रतिनिधीस आधी हे एक आडनाव दोन रीतींनी लिहून शोधावयास सांगावे.

मग निवड कशाची करावी? वीस-पंचवीस जणांच्या विभागास माझ्या मते मोठ्या प्रणालीची गरज नाही. एक सामाईक तक्ता पुरेसा आहे, आणि त्याचा गुण हा की त्यातील रकान्यांची नावे आपण देतो. जेथे विद्यापीठाच्या पातळीवर प्रणाली घेतलीच जाणार असेल तेथे तिचे एकक आपणास बदलता यावे, म्हणजे तासिका व घटकातास वेगळे ठेवता यावेत. ज्यांस समाप्ती नाही अशा जबाबदाऱ्या समाप्तीच्या दिनांकाविना लिहिता याव्यात. ‘कोणाकडे’, ‘कोणावर’ आणि ‘कोणी करून दिले’ ही तीन नावे वेगळी लिहिण्याची सोय असावी. ह्यांतले पहिले दोन गुण बाजारात मिळतात. तिसरा क्वचित मिळतो, पण बहुतेक प्रणालींत स्वतःचे रकाने जोडता येतात, आणि तेवढे भागते. सवडीचा रकाना वजाबाकीने भरला जाऊ नये ह्यावर मात्र तडजोड करू नये. तो ज्याचा त्याने भरावा, रिकामाही ठेवता यावा, आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘शून्य काम’ असा न होता ‘सांगितले नाही’ असा व्हावा. हा भेद करणे संगणकाला मुळीच अवघड नाही. शून्य आणि अनुपस्थित मूल्य ह्यांत तो नेहमीच भेद करतो. तो भेद अहवालात पुसला जातो, आणि तो पुसू नये असे मागणे हे घेणाऱ्याचे काम आहे. तसेच ह्या नोंदी पदसंख्येच्या निर्णयासाठी वापरल्या जाणार नाहीत असे लेखी ठरल्याखेरीज तो रकाना उघडूच नये. नाही तर त्यात पुन्हा शून्ये येतील.

ह्या कसोट्या कागदावर लावून भागणार नाही. खरेदीपूर्वी प्रणाली काही दिवस चालवून पाहण्याची मुभा बहुतेक विक्रेते देतात. ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा नवी वेळापत्रके नीटनेटकी असतात, तेव्हा घेऊ नये. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावी, जेव्हा परीक्षा, प्रबंधांच्या मुदती आणि समित्यांचे अहवाल एकदम येतात. विभागातील एका तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यास, एका विभागप्रमुखास आणि एका नव्या सहायक प्राध्यापकास आपला तो आठवडा त्या प्रणालीत लिहावयास सांगावे, आणि कोणास काय लिहिता आले नाही तेवढे कागदावर टिपून समितीसमोर ठेवावे.